हौशीचं दावं

मंडळी, हे आत्ता लिहिलं नाही तर मला झोपच लागणार नाही. उद्या सकाळी टेम्पो येणार आहे, आमचं बारामतीतलं भाड्याचं घर सोडून आम्ही स्वतःच्या फ्लॅटमध्ये चाललोय, सामान बांधून होत आलंय. हा कॉम्प्युटर आणि टीव्ही तेवढे राहिलेत, म्हणून पटापट टाइप करतेय... चुका झाल्या तर सांभाळून घ्या. आज संध्याकाळी माझ्या धाकट्या भावानं, बाबूनं, माझ्यासमोर एक गोष्ट केली, तीच सांगायचीय. पण ती शेवटी सांगते, कारण आधीचं माहीत नसेल तर तुम्ही म्हणाल, बरं मग, एवढं काय त्यात?

आधीच सांगते — मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी मुलगी नाही. आमच्या घरातच ते नाही. आम्ही बौद्ध. आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, छप्पन सालानंतर देव्हाऱ्यातले देव टोपलीत घालून पाण्यात सोडले होते. तेव्हापासून घरात अंगारा नाही, लिंबू-मिरची नाही, काही नाही. आमच्या अण्णांचं, म्हणजे वडिलांचं, एकच वाक्य — "पुरावा दाखव, मग बोल." तर पुरावा... असो. ऐका.

१९९६ ची गोष्ट. तोवर आम्ही पिंपळीला होतो, बारामतीजवळ. थोडीशी शेती, एक गाय, आबा, काका-काकू आणि आम्ही. त्या वर्षी अण्णांना इंदापूरला एका ऑफिसात क्लार्कची नोकरी लागली. मी दहा वर्षांची, बाबू अडीच वर्षांचा. जूनमध्ये शाळेच्या आत हलायचं ठरलं. आता गाय कोण बघणार? काका म्हणाले, मला माझीच जनावरं जड झालीत. म्हणून गाय विकायची ठरली.

गायीचं नाव हौशी. पांढरी गावठी गाय, कपाळावर तपकिरी डाग. बाबू तिच्याच पायात रांगायला शिकला म्हटलं तरी चालेल. आई गोठा झाडायची तेव्हा तो तिच्या पुढ्यात बसलेला असायचा, आणि ती त्याचं डोकं असं चाटायची की त्याचे पुढचे केस कायम उभे. अजून उभेच राहतात, कितीही तेल लावा!

निमगाव केतकीचे एक तात्या तिला घ्यायला आले. आमच्याकडे रीत अशी की जनावर विकलं तरी त्याचं दावं, म्हणजे बांधायची दोरी, द्यायची नाही. घेणारा आपलं दावं घेऊन येतो, ते गळ्यात घालतो, आणि आपलं दावं आपण काढून घ्यायचं. आबांनी हौशीचं दावं सोडलं आणि आईच्या हातात दिलं. घायपाताच्या वाखाचं, आबांनी स्वतः वळलेलं. आमची आजी गेल्यावर तिच्या हिरव्या लुगड्याचा काठ फाडून त्यांनी त्यात पीळ घातला होता, म्हणून ते कुठंही ओळखू यायचं.

"ह्ये संगट न्या," आबा म्हणाले. "घरात खुटीला टांगून ठिवा. रिकामं ठिवा. ह्येला दुसरं कायबी बांदू नगा."

अण्णा हसायला लागले. "आबा, देव सोडलं आन दावं धरलं व्हय?"

"देवानं कवा तांब्याभर दूद दिलं का आपल्याला?" आबा म्हणाले. "हौशीनं दिलं. गप घिऊन जा."

आम्ही सगळे हसलो. दावं गोधडीत गुंडाळून इंदापूरला आलं.

इंदापूरला घर मिळायला जाम त्रास झाला. अण्णा जागा बघायला जायचे, घरमालक गोड बोलायचा, पूर्ण नाव विचारायचा, आणि मग "अरेरे, कालच दिली बघा." असं तीन-चारदा झालं. शेवटी बाजारतळाच्या मागच्या गल्लीत पत्र्याच्या खोल्यांची एक लाइन होती, तिथं दोन खोल्या मिळाल्या. शेजारच्या खोलीत शेवंताकाकू. बोलायला एकदम फटाकडी बाई, पण आमच्याकडचा चहा मात्र कधी घ्यायची नाही. "आत्ताच झाला गं!" आईला कळायचं.

हे सगळं अशासाठी सांगतेय की गावाकडं बाबूवर दहा जणांची नजर असायची. इथं कुणाचीच नाही. अण्णा ऑफिसात, मी शाळेत, आणि गल्लीच्या तोंडाला बाजारतळ, तो ओलांडला की पुणे-सोलापूर हायवे. दिवसभर ट्रक. आणि बाबू म्हणजे नुसता पारा. दार उघडं दिसलं की सुसाट!

नळाला पाणी यायचं संध्याकाळी पाचला, तेही गल्लीच्या पार दुसऱ्या टोकाला, सार्वजनिक नळावर. चार हंडे भरायचे म्हणजे अर्धा-पाऊण तास. पहिल्या आठवड्यात बाबू दोनदा आईच्या मागं पळत सुटला, आणि दुसऱ्यांदा एका सायकलवाल्यानं त्याला बाजारतळावरून उचलून आणून दिला. त्या दिवशी आई रडली. दुसऱ्या दिवशी तिनं खुंटीवरचं दावं काढलं, बाबूच्या डाव्या पायाला फडकं गुंडाळून त्यावर बांधलं, आणि दुसरं टोक लोखंडी कॉटच्या पायाला.

अण्णा तेव्हा घरीच होते. म्हणाले, "अगं, आबांनी काय सांगितलंय?"

"आबांना म्हणावं, हितं येऊन बसा मग पोराजवळ," आई म्हणाली. विषय संपला.

आता इथून पुढं नीट वाचा.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून बाबू रडायचा बंद झाला. पहिले दोन दिवस गल्ली डोक्यावर घेतली होती त्यानं, आणि मग एकदम शांत. पाच वाजायच्या आधीच, आईनं हंडा उचलायच्या आधीच, तो आपणहून कॉटच्या पायाजवळ जाऊन उभा राहायचा. बसायचा नाही. उभा. दाराकडं तोंड करून! रविवारी मी घरी असायची तेव्हा मी स्वतः बघितलंय. मला ते बघून कसंतरीच व्हायचं.

दुसरी गोष्ट, त्याच्या पायावर वळ नाही. वाखाचं दावं बैलाची मान सोलून काढतं, इथं अडीच वर्षांच्या पोराचा पाय, फडकं तर कधीच निसटलेलं असायचं. आई रोज पाय उचलून बघायची. काही नाही. लोण्यासारखा पाय. शेवंताकाकू दारातून म्हणायची, "काय गं प्रज्ञाची आई, पोराची कातडी हाय का टायरची!"

आणि तिसरी गोष्ट गाठ. आई आपली साधी गाठ मारायची, एकावर एक दोन. पाणी भरून आली की गाठ वेगळी! तीन वेढे आणि टोकं आत दडवलेली, वेणीसारखी दिसणारी. ती आबांची गाठ होती. आबा हौशीला तशी बांधायचे. काकांनासुद्धा ती मारता यायची नाही, आबांनी कुणाला शिकवलीच नव्हती. आईला ती सोडवायला विळीचं टोक घालावं लागायचं.

आईनं आधी अण्णांना विचारलं. ते म्हणाले, मी साडेसहाला घरी येतो, मी कुठनं मारणार? मग शेवंताकाकूला विचारलं, "काकू, तुम्ही येऊन बाबूला सोडून परत बांधता का हो?"

"मी? अगं मला माझ्या परकराची गाठ सोडता येत न्हाय, अंघोळीला उशीर होतो म्हणून सासू शिव्या घालायची!"

मग राहिले मी. आईचा संशय माझ्यावर, की मी शाळा सुटल्यावर लवकर येऊन आगाऊपणा करते. मी शपथा घेतल्या. एका शनिवारी तिनं मला खाडकन् एक ठेवून दिली. "आबांची गाठ तू बघितलीयस, तुलाच येत असणार. मला भीती घालतीस?" मी त्या रात्री जेवलेच नाही. इतका राग आला होता मला... मी काहीच केलं नव्हतं!

दुसऱ्या दिवशी रविवार. बाजाराचा दिवस. दिवाळीच्या आधीचा बाजार, त्यामुळे ही गर्दी. अण्णा पिशवी घेऊन बाजारात गेलेले. पाचला आईनं बाबूला बांधलं, मला सांगितलं, "ह्याच्याजवळ बस," आणि हंडा घेऊन गेली.

आणि मी — हे मी आजपर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं — मी ती गाठ सोडली. आईनं नुकतीच मारलेली, साधी, लगेच सुटली. माझ्या डोक्यात एकच, दावंच नसेल तर गाठ कशी बदलते बघू! मग आईला कळेल मी खोटं बोलत नाही. मी दावं गोळा केलं आणि मागच्या न्हाणीच्या पत्र्यावर फेकलं. वर. माझाच हात तिथं पोचत नव्हता, बाबूचा तर प्रश्नच नाही.

मग मी उंबऱ्यावर बसले, बाबूला राखत. खरंच बसले होते. पण शेजारी काकूच्या टीव्हीवर रविवारचा मराठी पिक्चर चालू होता, गाणं लागलं, आणि काकूनं हाक मारली, "ये की गं, दारातनं बघ." मी तिच्या दारात गेले. एक गाणं, फक्त एक गाणं बघितलं.

परत आले तर खोली रिकामी.

मी आधी कॉटखाली बघितलं. मग पिंपामागं. मग न्हाणीत. मग मी जी किंचाळले, काकू टीव्ही तसाच टाकून बाहेर आली. आई तिकडून हंडा घेऊन येत होती. तिनं माझं तोंड बघितलं आणि हंडा गल्लीतच टाकला. पाणी सगळं मातीत. तिनं मला विचारलं नाही कसा सुटला, काहीच विचारलं नाही, पळाली.

मी हायवेकडं पळाले. बाजार फुल भरलेला, माणसांच्या पायांतून मला काही दिसेना. हायवेवर एक ट्रक आडवा थांबलेला आणि भोवती घोळका. मंडळी, मला आजही तो घोळका दिसतो. एक बाई म्हणत होती, "सगळा चिखल झाला गं." मी कशीतरी पुढं घुसले तर कांद्याची पोती फुटली होती. नुसते कांदे. मी तिथंच खाली बसले आणि रडायला लागले.

तेवढ्यात मागून अण्णांचा आवाज आला. माझ्या नावानं नाही, आईच्या नावानं हाक मारत होते.

बाजारतळाच्या अगदी शेवटी, हायवेच्या बाजूला, शेळ्या-मेंढ्या विकायला बांधायचे. तिथल्या कडेच्या खुटाला बाबू बांधलेला होता. डाव्या पायाला. हायवेकडं तोंड करून उभा होता, दावं ताणलेलं, पाय जरा मागं ओढला गेलेला, म्हणजे तो पुढं जायला बघत होता आणि त्याला जाता येत नव्हतं. त्याच्यापासून रस्ता अगदी चार पावलं.

दावं हिरव्या काठाचं होतं. गाठ वेणीची.

शेळ्यावाला आईला बघून उठलाच. "ह्ये प्वार तुमचं व्हय? आवो ते काय जनावर हाय का असं बांदून बाजार करायला? लाज न्हाय वाटत?"

"कुणी बांधलं?" अण्णांनी विचारलं.

"आता मला काय ठावं! मी गिऱ्हाईक करत हुतो. वळून बघतोय तर ह्ये हितं उबं. रडत न्हाय, पडत न्हाय."

भोवती माणसं जमली. सगळ्यांना वाटलं आईनंच बांधून ठेवलं. एक बाई म्हणाली, "पाच-पन्नास रुपयाच्या भाजीसाठी लेकरू खुटाला? काय आई म्हणायची का काय!" आणि आई ऐकून घेत होती. मान खाली. तिनं एकदाही म्हटलं नाही की मी नाही बांधलं. मला वाटलं ओरडून सांगावं, आई नव्हती, दावं तर मी पत्र्यावर फेकलं होतं... पण मी अण्णांच्या मागं जाऊन उभी राहिले.

गाठ कुणालाच सुटेना. शेळ्यावाल्यानं विळा पुढं केला तर आई म्हणाली, "कापायचं नाही." शेवटी अण्णांनी खुटा उपटला आणि आमच्या मागं धावत आलेल्या शेवंताकाकूनं बाबूचा पाय हळूच त्या फासातून बाहेर काढला. गाठ तशीच राहिली. तीच काकू मग त्या बाईवर गरजली, "तुमची पोरं काय बँकेत ठिवता का ओ बाजाराला येताना? निगा हितनं!" बाबूला तिनंच कडेवर घेतला आणि सगळा रस्ता खाली उतरवला नाही.

घरी आल्यावर मी आधी न्हाणीमागं गेले. बादली पालथी घालून वर चढून बघितलं. पत्रा मोकळा.

त्या संध्याकाळी काकूनं आमच्याकडं पहिल्यांदा चहा घेतला. अण्णांना दावं जाळायचं होतं. म्हणाले, "माझा ह्याच्यावर विश्वास नाही, पण हे घरात नको." आता विश्वासच नाही तर जाळता कशाला, असं मला आज वाटतं. पण आई उठली, त्यांच्या हातातून दावं घेतलं आणि परत खुंटीला अडकवलं. "ज्यानं माझं लेकरू धरून ठेवलं ते जाळायचं?" त्यानंतर तिनं बाबूला कधीच बांधलं नाही. कधी कडेवर घेऊन पाण्याला जायची, कधी काकू सांभाळायची.

आबांना निरोप गेला, दोन दिवसांनी ते पिंपळीवरून यष्टीनं आले. दारात पायातली वहाण काढली आणि सरळ खुंटीकडं गेले. गाठीवरून अंगठा फिरवला.

"गाठ माझी हाय," म्हणाले. "पर म्या न्हाय मारली."

"मग कुणी मारली, आबा?" मी विचारलं.

ते आईकडं बघून एवढंच म्हणाले, "रिकामं ठिवलं न्हाईस न्हवं?" आईनं मान हलवली. आबांनी दाव्यावरचा हात काढला. मग म्हणाले, "सोडू नगा ही गाठ. आसू द्या अशीच."

पुढच्या रविवारी अण्णा मला घेऊन निमगाव केतकीला गेले. घरात सांगितलं ऑफिसचं काम आहे. मला माहीत होतं, त्यांना हौशीला बघायचं होतं. पुरावा शोधायला निघाले होते माझे वडील, की काही संबंध नाहीये याचा पुरावा!

तात्यांनी पाणी दिलं आणि लगेच तक्रार सुरू. "बरं झालं आलासा. गाय झ्याक हाय ओ तुमची, पर हिच्या पायाचं काय सांगू? या हिकडं."

हौशीनं मला ओळखलं, मान वर केली. तिच्या पुढच्या डाव्या पायाला, खुराच्या वर, गोल कडं पडलं होतं. कातडी सोललेली, केस गेलेले. दाव्यानं पडतं तसं. अगदी तसंच.

"पायाला बांधता का हिला?" अण्णांनी विचारलं. त्यांचा आवाज बदलला होता.

"न्हाय ओ! गळ्याला. पायाला कशाला बांदू, ती काय चोर हाय? पावसाळा लागला तवापासनं ह्ये चाललंय. डाक्टर दोनदा येऊन गेला. सांजच्या धारंच्या वक्ताला तर असा पाय वडून धरती, जसं कोण तिकडनं वडतंय. दूदबी तवा सोडत न्हाय. पर गेल्या रविवारपासनं बगा, आपसूक सुकाया लागलंय."

धारेची वेळ म्हणजे पाच. आमच्या नळाला पाणी यायची वेळ.

येताना यष्टीत मी विचारलं, "अण्णा, हे कसं काय?" त्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं. म्हणाले, "आईला सांगू नको." मी नाही सांगितलं. नंतर त्यांनी कधीच "पुरावा दाखव" म्हटलेलं मला तरी आठवत नाही.

पुढं दोन वर्षांनी अण्णांची बदली बारामतीला झाली. आबा गेले. हौशी पण गेली असणार, आम्ही परत कधी चौकशी केली नाही. दावं मात्र आईनं प्रत्येक घरात आणलं आणि कायम रिकामं ठेवलं, गाठीसकट. बाबूला यातलं काहीच माहीत नाही. त्याच्यासमोर हा विषय काढायचा नाही असं न बोलताच ठरलं होतं आमचं. तो आता दहावीला आहे. क्रिकेट आणि कॉम्प्युटर सोडून त्याला काही सुचत नाही. जनावराला त्यानं आयुष्यात हात लावलेला नाही, कुत्र्याला घाबरतो!

तर आज संध्याकाळी. आई माळ्यावरचं काढत होती, मी खोके भरत होते. दाव्याचं गाठोडं खाली पडलं. बाबूनं उचललं. म्हणाला, "ही कसली दोरी गं?" आणि बोलता बोलता त्यानं ती गाठ सोडली. जी आबांच्या शब्दावर आम्ही बारा वर्षं सोडली नव्हती, जी त्या दिवशी बाजारात कुणालाच सुटली नव्हती. दोन बोटांनी. मग दारातून पुढच्या खोलीतल्या टीव्हीकडं बघत बघत, हाताकडं न बघता, तीन वेढे, टोकं आत... परत मारली. स्वतःच्या डाव्या पायावर.

माझ्या हातातलं खोकं पडलं. आई माळ्याच्या शिडीवर होती, तिनं पण बघितलं.

"बाबू," मी म्हटलं, "ही गाठ तुला कुणी शिकवली?"

"कुणी नाय." त्यानं पायाकडं बघितलं, त्यालाच जरा नवल वाटलं. "अशीच बांधायचे की माझ्या पायाला. लहानपणी."

"कोण?"

"मला काय माहीत? मी बारका होतो. तू होतीस ना मोठी, तूच सांग." आणि गाठ सोडून, दावं माझ्या अंगावर टाकून गेला पुढच्या खोलीत मॅच बघायला!

मग मला राहवलं नाही. मी आईला सगळं सांगितलं. दावं मीच सोडलं होतं, पत्र्यावर टाकलं होतं, मी काकूकडं गाणं बघत होते. त्या बाजारात तू माझ्यामुळं बोलणी खाल्लीस. मी रडत होते आणि आई शिडीवरून खाली उतरत होती, हळूहळू.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "तुझ्या फ्रॉकला वाख चिकटला होता त्या दिवशी. मीच धुतला की तो फ्रॉक."

"मग बोलली का नाहीस?"

"आदल्या दिवशीच उगाच मारलं होतं तुला. दहा वर्षांची पोर... आणखी किती मारायचं?" तिनं दावं उचललं, घडी केली. जरा वेळानं म्हणाली, "पत्र्यावरून खाली आलं कसं, ते मी नाही विचारत बाई. मला एवढंच कळत नाही, मी पाण्याला गेल्यावर रोज घरात यायचं कोण?"

मी तिला हौशीच्या पायाचं अजून सांगितलेलं नाही. अण्णा शेजारच्या खोलीत आहेत, जागे आहेत, त्यांनी सगळं ऐकलंय, पण बाहेर आले नाहीत.

मी मघापासून स्वतःला समजावतेय. लहान मुलं बघून शिकतात. अडीच वर्षांचा होता, चार-पाच महिने रोज बघितलं, हाताला लक्षात राहिलं असेल. एकदम लॉजिकल आहे. शिकला असेल बघून. पण कुणाचं बघून? आई साधी गाठ मारायची. आबा इंदापूरला आले ते सगळं झाल्यावर. रविवार सोडला तर खोलीत पाच वाजता तो एकटा असायचा, दाराकडं तोंड करून उभा.

उद्या नव्या फ्लॅटमध्ये खुंटी नाही, आईनं आत्ताच मला सांगितलंय, येताना एक मोठा खिळा घेऊन ये.

तुमच्यापैकी कुणी गाव सोडून तालुक्याला आलं असेल, जनावर विकून आलं असेल, तर सांगा ना... तुमच्या घरात आहे का असं रिकामं दावं? आणि त्याला कुणी चुकून काही बांधलंय का कधी?